प्रश्न कोणाच्या अक्षरात आहेत? नाशिकमधील एका ‘आंतरराष्ट्रीय’ प्राथमिक शाळेतील तीन वर्षे

आमची मुलगी दुसरीत असताना आम्ही तिला नाशिकमधील एका जिज्ञासाधारित, म्हणजे मुलांच्या स्वतःच्या प्रश्नांपासून शिकवणे सुरू करणाऱ्या, प्राथमिक शाळेत घातले आणि येत्या जूनमध्ये ती त्याच शाळेत पाचवीत जाईल. या तीन वर्षांत नातेवाइकांनी, सोसायटीतील शेजाऱ्यांनी आणि प्रवेशाच्या विचारात असलेल्या अनेक पालकांनी मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली आहे, ती म्हणजे एवढी फी भरून मुलांना तिथे नेमके काय मिळते. फोनवर पाच मिनिटांत याचे उत्तर देणे मला कधीच जमले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. शाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या मी शाळेकडे लेखी मांडलेल्या आहेत. शिवाय ही पद्धत म्हणून जे काही चालते ते चांगले केव्हा होते आणि पोकळ केव्हा होते, हे पालकांना कोणत्याही शाळेत ओळखता यावे, हा माझा मुख्य हेतू आहे.

शाळेची चौकट इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, या संस्थेच्या प्रायमरी इयर्स प्रोग्रॅमवरून घेतलेली आहे. पालकांच्या बोलण्यात त्याचे ‘पीवायपी’ झाले आहे. ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झाली आणि ३ ते १२ वर्षे वयाच्या मुलांसाठीचा हा कार्यक्रम तिने १९९७ मध्ये सुरू केला. त्यात वर्षाचा अभ्यास विषयांच्या पुस्तकांनुसार न विभागता सहा मोठ्या सूत्रांभोवती बांधला जातो: आपण कोण आहोत, स्थळकाळात आपण कोठे आहोत, आपण स्वतःला कसे व्यक्त करतो, जग कसे चालते, आपण आपली व्यवस्था कशी लावतो आणि ही पृथ्वी आपण सर्वांनी मिळून कशी वापरायची. प्रत्येक सूत्रावर पाच-सहा आठवड्यांचे एक युनिट असते आणि भाषा, गणित, विज्ञान, इतिहास हे सारे त्या युनिटच्या कामातून यावेत, अशी अपेक्षा असते. आमची शाळा आयबीची मान्यताप्राप्त शाळा नाही. ती प्राथमिक वर्गांत ही चौकट वापरते आणि पुढे सीबीएसईकडे वळते. प्रवेशाच्या वेळी शाळेने हे स्पष्ट शब्दांत सांगितले होते, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. मान्यताप्राप्त शाळा, मान्यतेच्या वाटेवरची उमेदवार शाळा आणि ‘त्या धर्तीवर’ चालणारी शाळा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माहितीपत्रकातील जिनिव्हा आणि ‘ग्लोबल’ हे शब्द पाहून पालकांचा त्यात गोंधळ होतो. आयबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त शाळा शोधता येतात. फी भरण्यापूर्वी तेवढे पाहून घ्यावे.

पद्धत प्रत्यक्षात कशी दिसते, ते मला तिसरीच्या पहिल्या सत्रात समजले. युनिट पाण्याचे होते. वर्गाच्या एका भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर एका मुलाने स्वतःच्या अक्षरात, अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी असे, आपले प्रश्न लिहिले होते. धरण भरले तरी आमच्याकडे पाणी एकदाच का येते? नळातले पाणी नदीला परत कधी मिळते? आणि मला सर्वांत आवडलेला प्रश्न असा, की नदीचे नाव गोदावरी आहे, तर माझी आजी ‘गंगेवर जाऊन येते’ असे का म्हणते? आपल्यापैकी जुन्या नाशिककरांना हा प्रश्न कधी पडलाच नसेल, कारण गोदेला गंगा म्हणणे हे आपल्या श्वासाइतके सवयीचे आहे. तेव्हाच्या वर्गशिक्षिकांनी यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. मुलांनी घरच्या नळापासून उलट दिशेने प्रवास सुरू केला: सोसायटीची टाकी, जलकुंभ, जलशुद्धीकरण केंद्र, गंगापूर धरण आणि शेवटी त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी. नंतर मोरीतून निघालेल्या पाण्याचा पुढचा प्रवास त्यांनी काढला आणि भिंतीवरच्या नकाशावर गोदावरीची सुमारे १,४६५ किलोमीटरची रेषा बंगालच्या उपसागरापर्यंत नेली. अर्ध्याहून अधिक मुलांना तोवर नाशिकची नदी अरबी समुद्राला मिळते असे वाटत होते, कारण समुद्र म्हटला की त्यांना मुंबईच आठवत होती. ही चूक पुस्तकातल्या एका वाक्याने दुरुस्त झाली असती, पण ती ज्या रीतीने मनातून निघाली, तशी एका वाक्याने निघाली नसती.

याच युनिटमध्ये ‘आंतरराष्ट्रीय दृष्टी’ या शब्दाचा मला पहिल्यांदा अर्थ लागला. पावसाळ्यात मुलांनी घरातील मोठ्या माणसांना पुराच्या आठवणी विचारल्या, तेव्हा बहुतेक घरांतून उत्तर एकाच मापात आले: पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला होते, कमरेला होते, गळ्याशी आले होते. रामकुंडाजवळची ती मूर्ती आपल्या शहराची पूरपट्टीच आहे. बाईंनी मुलांना मूर्तीचे चित्र काढायला लावून त्यावर प्रत्येक घरची आठवण रेघेने दाखवायला सांगितली आणि त्यानंतर त्यांनी कैरोच्या रोडा बेटावरील नवव्या शतकातल्या नाईलमापकाचे चित्र वर्गात आणले. तिथे विहिरीसारख्या खोल बांधकामात मापाच्या खुणा कोरलेला खांब उभा आहे. नाईलचे पाणी खांबावर किती चढले यावरून त्या वर्षीच्या पिकाचा अंदाज बांधत आणि त्यावरून कराचा हिशेब होत असे. एका मुलाने लगेच विचारले, की मारुतीच्या कमरेला पाणी लागले तर आपल्याकडे काय ठरते? याचे उत्तर शोधायला मुले सराफ बाजारात आणि भांडी बाजारात गेली. माल कोणत्या रेघेला हलवायचा, हे तिथले दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या कसे ठरवत आले, हे त्यांनी लिहून आणले. इजिप्त हा देश आमच्या मुलीला पिरॅमिडच्या चित्राने आधी ठाऊक होता, पण नदीकाठी राहणारी आपल्यासारखीच माणसे म्हणून तो तिला त्या दिवशी भेटला. स्वतःच्या मारुतीवर रेघ काढलेली नसती, तर कैरोच्या खांबात तिला काहीच दिसले नसते.

चौथीतील पांडवलेण्यांचे, म्हणजे नाशिकच्या प्राचीन बौद्ध लेण्यांचे, युनिट याहूनही चांगले झाले. सूत्र होते ‘आपण आपली व्यवस्था कशी लावतो’ आणि सुरुवात अगदी साध्या प्रश्नाने झाली, की आपण पैसे दुसऱ्याकडे ठेवायला का देतो. दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेवली. दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर राहणाऱ्या, वीस भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे, असे त्यात नोंदवले आहे. मुलांनी वहीवर गणित मांडले. शेकडा एक म्हणजे दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. आणि वीस जणांना प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीस. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब तंतोतंत जुळला, तेव्हा वर्गात झालेला आनंद मी स्वतः पाहिलेला आहे, कारण त्या दिवशी सोबतीला गेलेल्या पालकांत मी होते. घरी आल्यावर मुलीने आजोबांना त्यांच्या बँकेतील ठेवीविषयी पंधरा मिनिटे प्रश्न विचारले आणि विणकरांनी व्याज देण्यासाठी स्वतः पैसे कोठून मिळवले असतील, या प्रश्नावर दोघेही अडले. शेकडेवारी हा धडा पुढच्या इयत्तेचा आहे. तिला तो गरज म्हणून आधीच येऊन गेला.

सतराव्या लेण्यात दात्याने स्वतःची ओळख करून दिलेली आहे: उत्तरेकडील, दत्तामित्रीचा राहणारा, यवन धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. ग्रीक वंशाचा माणूस, नाव संस्कृत वळणाचे, लेख प्राकृतात, दान बौद्ध भिक्खूंना आणि ठिकाण आपले नाशिक. बाईंनी मुलांना एवढेच विचारले, की हा माणूस नाशिकचा म्हणायचा की परका. वर्ग दोन दिवस भांडला. परका कोणाला म्हणायचे हे जन्मावरून ठरते, भाषेवरून, की त्याने इथे काय ठेवले यावरून, अशी तीन मते पुढे आली आणि आमची मुलगी दुसऱ्या दिवशी आपले मत बदलून घरी आली. पीवायपीच्या चौकटीत रूप, कार्य, कारण, बदल, संबंध, दृष्टिकोन आणि जबाबदारी अशा सात संकल्पना सतत वापरायच्या असतात. त्यांची नावे वर्गाच्या दारावर रंगवलेली होतीच, पण ‘दृष्टिकोन’ हा शब्द मुलांनी कमावला तो त्या लेण्यात.

आमच्या घरातील वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप होता, की हे सारे परदेशातून आणलेले खूळ आहे. मला तो पटत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे १९४५ मध्ये आणि पुढे कोसबाडला जे उभे केले, त्यात आदिवासी मुलांच्या भोवतालचे शंख, बिया, पाने हेच शिकण्याचे साहित्य होते, आणि गुरे चारायला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली होती. ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल अनुभवातून स्वतःच ज्ञान घडवते हा विचार, हा शब्द जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांना आता नवा नाही. बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्ह्याजिल्ह्यांसाठी स्वतंत्र काढली, त्यामागची दृष्टीही हीच, की मुलाने जगाकडे आपल्या अंगणातून निघावे. तेव्हा या शाळेतील चांगले जे आहे, ते आपल्याला अनोळखी नाही. शाळेने आपल्या माहितीपत्रकात जिनिव्हाबरोबर कोसबाडचाही उल्लेख केला, तर ते अधिक खरे होईल, असे मी त्यांना सुचवले आहे.

आता तक्रारींकडे वळते. तिसरीच्या दिवाळीनंतर त्या वर्गशिक्षिका शाळा सोडून गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या बाई मनाने चांगल्या आणि कष्टाळू होत्या, पण त्यांना या पद्धतीचा अनुभव नव्हता आणि शाळेने त्यांना एका आठवड्याच्या प्रशिक्षणावर वर्ग सोपवला. पुढचे युनिट सुरू झाले त्या दिवशी मुलगी घरी येऊन म्हणाली, “आई, या वेळी प्रश्न आधीच लावलेले होते.” मी पालकसभेला गेले तेव्हा भिंत पाहिली. सुंदर छापलेले, लॅमिनेशन केलेले, एकाच आकाराचे बारा प्रश्न होते आणि त्यांत मुलांचा एकही नव्हता. पाच आठवडे मुलांनी त्या प्रश्नांची उत्तरे इंटरनेटवरून उतरवून काढली आणि शेवटी पालकांना दाखवण्यासाठी तक्ते रंगवले. त्या सत्रात मुलगी काय शिकली हे मला आजही सांगता येत नाही. पाठ्यपुस्तकाच्या वर्गात शिक्षक नवखा असला तरी पुस्तक मुलाला निदान काही अंतर पुढे नेते. इथे पुस्तकच नसल्यामुळे शिक्षक अडखळला की सारेच थांबते. या प्रकारच्या शाळेत इमारत, मैदान किंवा संगणक यांच्याहून शिक्षक किती वर्षे टिकतात ही चौकशी अधिक महत्त्वाची आहे, आणि प्रवेशाच्या वेळी आम्ही ती केली नाही, याचे मला वाईट वाटते. तीन वर्षांत आमच्या मुलीला पाच वर्गशिक्षिका झाल्या.

पाढे आणि शुद्धलेखन यांबाबत मी शाळेशी स्पष्ट असहमत आहे. गुणाकार म्हणजे काय हे मुलीला दुसरीतच खडे मांडून नीट कळले होते, पण सातचा पाढा तिला तिसरीच्या अखेरीस येत नव्हता, आणि त्यामुळे मोठी गणिते करताना तिचा सारा जीव सात आठे किती यातच खर्च होत असे. समजले की सराव आपोआप होतो, असे शाळा सांगते. आमचा अनुभव तसा नाही. आम्ही रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर पाढे म्हणायला सुरुवात केली आणि चार महिन्यांत फरक पडला. ज्या घरात संध्याकाळी कोणी मोकळे नसते, त्या घराने काय करावे, याचे उत्तर शाळेकडे असायला हवे. प्रगतिपत्रकात गुण नसतात, वर्णन असते. वर्णन खरे असेल तेव्हा ते गुणांपेक्षा कितीतरी उपयोगी पडते, परंतु गेल्या वर्षी आमच्या आणि शेजारच्या मुलाच्या पत्रकात तीन परिच्छेद शब्दशः सारखे निघाले. बस, डबा आणि स्वच्छता यांविषयी काही तक्रार नाही.

दरवर्षी जानेवारीत शाळेत ‘जागतिक दिन’ असतो. प्रत्येक मुलाला एक देश वाटून दिला जातो, पालक भाड्याने पोशाख आणतात, घरून त्या देशाचा म्हणून एखादा पदार्थ करून आणतात आणि मैदानात झेंड्यांची रांग लागते. तिसरीत आमची मुलगी जपान झाली होती. राजधानी, चलन, झेंडा आणि एक पदार्थ, एवढी चार वाक्ये तिने दिवसभरात चाळीस वेळा म्हटली आणि दुसऱ्या दिवशी विसरली. मुलांना मजा आली, ती मी कमी लेखत नाही. परंतु जगाचे भान या नावाखाली हे दाखवले जाते, तेव्हा त्या शब्दाचे नुकसान होते. ज्या शहरात भारताचा पासपोर्ट छापला जातो, त्या शहरातील शाळेने परदेशाची गोष्ट भाड्याच्या किमोनोपासून का सुरू करावी? नाशिकरोडचे सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून इथे आहे; कित्येक मुलांचे आजोबा तिथून निवृत्त झालेले आहेत. पासपोर्ट कोणाला मिळतो, तो दाखवल्यावर कोण आत घेते आणि कोण अडवते, हे त्या आजोबांना वर्गात बोलावून विचारता येईल. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला उत्तरेकडचे पक्षी हजारो किलोमीटर उडून येतात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील ते पाणथळ क्षेत्र २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा, झाले आणि ते आपल्या घरापासून सकाळी जाऊन दुपारी परत येण्याच्या अंतरावर आहे. जानेवारी हाच त्याचा महिना आहे. हे दोन्ही पर्याय मी शाळेला लिहून दिले आहेत.

शाळेला हे जमत नाही असे मुळीच नाही, कारण चौथीत द्राक्षांचे युनिट तिने फार चांगले घेतले. वर्गातील एका मुलीच्या वडिलांची दिंडोरी तालुक्यात बाग आहे. ते वर्गात आले आणि त्यांनी २०१० ची हकिकत सांगितली. त्या वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्यामुळे युरोपच्या बाजारात भारतीय द्राक्षे अडकली आणि नाशिकच्या उत्पादकांना मोठा फटका बसला. मुलांनी मग एकच घड चार जणांच्या डोळ्यांनी पाहायचे ठरवले: बागाईतदार, नेदरलँड्समधील खरेदीदार, तिथल्या घरात तो घड खाणारे मूल आणि बागेत छाटणीला व विरळणीला येणारा मजूर. चौथ्यावर आल्यावर वर्ग अडखळला, कारण पहिल्या तिघांविषयी काहीतरी ठाऊक होते, पण नाशिक जिल्ह्यातीलच पेठ आणि सुरगाण्याहून कामाला येणाऱ्या माणसांशी वर्गातील कोणीही कधी बोललेले नव्हते. एका मुलाने विचारले, की ते इथे येतात तेव्हा त्यांची मुले कोणत्या शाळेत जातात. बाईंनी तो प्रश्न भिंतीवर लावला आणि आठवडाभराने मुलांना बागेवर नेले. मुलीने त्या दिवशी स्वतःच्या वयाच्या एका मुलीशी बोलून जे लिहिले, ते मी जपून ठेवले आहे. नेदरलँड्सच्या मुलापेक्षा सुरगाण्याची मुलगी आमच्या मुलांना अधिक दूरची होती, हे त्या युनिटने दाखवले. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांच्या प्रवेशस्तरावर पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवलेल्या आहेत. अशी मुले आमच्या मुलीच्या वर्गात जितकी हवीत तितकी नाहीत. साऱ्या देशांचे झेंडे मिरवणाऱ्या वर्गात सुरगाण्याचे, पेठचे, पंचवटीतील जुन्या वाड्यांचे मूल शेजारच्या बाकावर असावे, अशी अपेक्षा मी शाळेकडून करते आणि करत राहीन.

सर्वांत गंभीर तक्रार मराठीच्या तासाची आहे. राज्याच्या २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य आहे, आणि आमच्या शाळेत ती आठवड्याला तीन तास शिकवली जाते; परंतु त्या तीन तासांत या पद्धतीचा मागमूस नसतो. गाळलेल्या जागा भरा, समानार्थी शब्द पाठ करा, फळ्यावरचा निबंध उतरवून घ्या. मराठीच्या शिक्षिकांना युनिटच्या नियोजनाला बोलावलेच जात नाही, हे त्यांनीच मला सांगितले. व्हरांड्यात मुलांनी इंग्रजीत बोलावे, असा आग्रह असतो. पीवायपीच्या मूळ चौकटीत मुलाच्या घरच्या भाषेला आधार देणे अपेक्षित आहे आणि सातव्या वर्षापासून तरी एकाहून अधिक भाषा शिकायच्या आहेत. म्हणजे शाळा इथे माझ्या आग्रहापेक्षा नव्हे, तर स्वतः स्वीकारलेल्या चौकटीपेक्षाच कमी पडते.

याने काय हरवते, त्याचे उदाहरण देते. चौथीतील पांडवलेण्यांच्या त्याच व्यवस्थेच्या युनिटमध्ये मुलांना घरातील वृद्ध व्यक्तीची मुलाखत घ्यायची होती. माझ्या सासूबाई बागलाणातील मोसम खोऱ्यातल्या. त्यांनी नातीला फडाची हकिकत सांगितली: नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, त्याखालची जमीन मोठ्या फडांत विभागलेली, एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे, कोणत्या वर्षी कोणत्या फडात ऊस आणि कोणत्यात हलके पीक हे एकत्र बसून ठरवायचे, आणि पाणी पाळीने मिळावे म्हणून पाटकरी नेमायचा. कित्येक पिढ्या सरकारी अंमलदाराशिवाय चाललेली ही व्यवस्था. आपण आपली व्यवस्था कशी लावतो, या सूत्राला याहून थेट उत्तर नाशिक जिल्ह्यात दुसरे मिळणार नाही. मुलगी तासभर भान हरपून ऐकत होती. पण अहवाल इंग्रजीत द्यायचा होता. तिने फडासाठी शेत हा अर्थ असलेला साधा इंग्रजी शब्द लिहिला, पाटासाठी कालवा, पाटकऱ्यासाठी कामगार. आड, विहीर आणि बारव या तिन्हींसाठी तिला एकच शब्द सापडला. अहवालात उरले ते एवढेच, की पूर्वी आजीच्या गावात शेत होते आणि कालवा होता. बाईंनी त्यावर ‘छान’ असा शेरा दिला. त्यांच्यासमोर जे आले, त्यावरून त्यांना दुसरे काही कळण्याचा मार्गच नव्हता. आजींना नातीने काय लिहिले ते वाचून दाखवायला सांगितले, तेव्हा मुलीने वही मिटली आणि ती रडली.

मी तो अहवाल आणि मुलाखतीचे मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण घेऊन मार्चमध्ये मुख्याध्यापिकांना भेटले. त्यांनी पूर्ण मुद्रण ऐकले, वीस मिनिटे, मध्ये न थांबवता. याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला. पाचवीत एका युनिटचे सारे लेखन मराठीत करायचे, मराठीच्या शिक्षिकांना त्याच्या नियोजनात पहिल्या दिवसापासून घ्यायचे आणि वर्षअखेरीच्या प्रदर्शनात मुलांना भाषा निवडू द्यायची, असे त्यांनी मान्य केले आहे आणि पालकांना तसे पत्रही आले आहे. त्या प्रदर्शनाविषयी इथेच सांगते. पीवायपीच्या शेवटच्या वर्षी मुले गटाने एखादा खरा प्रश्न निवडून त्यावर काही आठवडे काम करतात. यंदाच्या पाचवीचे मी पाहिले. गोदेतील पाणवेलीवर काम केलेला गट घाटावर जाऊन बसला होता, वेल काढणाऱ्या कामगारांशी बोलला होता आणि प्रश्न विचारला की न घाबरता ‘हे आम्हाला अजून सापडले नाही’ असे सांगत होता. शेजारचा गट प्लास्टिकवर होता आणि त्याच्या फलकावर एकही नाशिकचे छायाचित्र नव्हते.

फी आसपासच्या चांगल्या सीबीएसई शाळांच्या दुपटीच्या घरात जाते आणि दरवर्षी वाढते. जे मूल घरी फार बोलत नाही, त्याला या वर्गात बोलते होताना मी पाहिले आहे. ज्या मुलाला ठरावीक वेळापत्रक आणि रोजचा गृहपाठ यांतून स्थैर्य मिळते, त्याला इथे पहिले वर्ष जड जाते. शाळा पाहायला जाल तेव्हा प्रश्नांची भिंत नीट वाचा आणि अक्षरे कोणाची आहेत ते बघा. मराठीच्या तासाला मागे बसू देण्याची विनंती करा. गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, हे थेट विचारा.

आम्ही मुलीला पाचवीत तिथेच ठेवत आहोत. मराठी युनिटच्या तयारीसाठी शाळेने प्रत्येक घरून पाण्याशी संबंधित शब्द मागवले आहेत. सासूबाई सांगतात आणि मुलगी लिहिते. आतापर्यंत तिच्या वहीत आड, बारव, रहाट, पोहरा, मोट, थारोळे, पाट, दंड, फड, पाळी आणि पाटकरी एवढे शब्द झाले आहेत. काल रात्री ‘दारे धरणे’ यावर दोघी थांबल्या, कारण शेतात दार कसे असेल, हे तिला कळेना, आणि ते दाखवायला सुट्टीत मोसम खोऱ्यात जायचे ठरले आहे.